५० हर्ट्झचा सा

माझ्या पहिल्यावहिल्या पूर्ण झालेल्या ट्रॅकवर घरच्या ग्रुपमध्ये सगळ्यात आधी अभिप्राय आला तो मामाचा. "कोण गेलं?"

चूक माझीच होती. कव्हर म्हणून मी अंधारात पेटलेल्या एका पिवळ्या बल्बचा फोटो लावला होता आणि खाली काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव, 'दुपार'. मामाने वाजवून बघण्याआधी ती काळी चौकट पाहिली आणि काळजीने विचारलं. त्याच्या खालोखाल तीन नातेवाइकांनी हात जोडले. मग भाचीने खुलासा केला की आत्याने काहीतरी वाजवलंय, सगळे सुखरूप आहेत. तेव्हा तेच तिघं जोडलेले हात सोडून अंगठ्यावर आले. ट्रॅक सहा मिनिटं वीस सेकंदांचा आहे. पहिलं 'अप्रतिम' चाळिसाव्या सेकंदाला आलं.

मला त्याचा राग नाही. 'छान', 'अप्रतिम', 'कीप इट अप' ही मतं नसतातच मुळी. दारात आलेल्याला आपण "या, बसा" म्हणतो तसलंच ते. कोणी बसलं नाही तरी म्हणायचं असतं. पण आठ महिने रात्री जागून केलेली वस्तू बाहेर टाकल्यावर माणूस त्या 'या, बसा'कडेही डोळे लावून बसतो, हे मात्र खरं. दोन दिवस मी फोन उलटा ठेवून परत परत सुलटा करत होते.

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगते, कारण घरातसुद्धा अजून नीट कळलेलं नाही. आई विचारते, "शब्द कुठायत?" शब्द नाहीत. इलेक्ट्रॉनिक म्हटलं की आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते, छातीत धडधडणारी. डाउनटेम्पो ही त्याच कुळातली, पण जेवून पडी टाकणारी बहीण. ठोके मिनिटाला साठ-सत्तरपासून शंभरच्या आतबाहेर, खाली जाड बेस, वर रेंगाळणारे सूर. १९९० च्या सुमाराला इंग्लंडातल्या ब्रिस्टॉल शहरात या वळणाचं बरंच काही जन्माला आलं. गोव्याच्या किनाऱ्यावर रात्रभर ट्रान्स नावाच्या धावत्या संगीतावर नाचलेल्यांना पहाटे जमिनीवर आणायलाही असंच काहीतरी लागायचं. माझा ट्रॅक ७२ ला आहे. "म्हणजे विलंबित का?" असं आईने विचारलं होतं. विलंबित नाही. विलंबित एकतालाचं एक आवर्तन संपेपर्यंत माझ्या ट्रॅकमध्ये किक-क्लॅप (जाड ठोका, मग टाळी) ही जोडी पंचवीस-तीस वेळा होऊन जाते. मध्यलय म्हण, पण झोपाळलेली.

मी गाणं शिकले आहे, अगदीच नाही असं नाही. गांधर्वच्या परीक्षांमध्ये मध्यमा प्रथमपर्यंत गाडी नीट गेली, मग बारावी आली. त्यानंतर पंचवीसेक वर्षं नोकरी, लोकल, मुलगी. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि तिच्या खोलीत एक जुना लॅपटॉप, पंचवीस पट्ट्यांचा सेकंडहँड कीबोर्ड, छोटा ऑडिओ इंटरफेस आणि दोन स्पीकर असा संसार मांडला. आमची इमारत डोंबिवली पूर्वेची, जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. वायरिंगही इमारतीच्याच वयाचं.

आणि तिथेच तो भेटला. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून एक सलग घूं यायचा. चार्जर काढला की गायब. म्हणजे अर्थिंगचा घोळ. दोन यंत्रं दोन वाटांनी जमिनीला जोडलेली असली की त्या वाटांच्या फेऱ्यात विजेची गुणगुण शिरते. वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर तीन ठिकाणी खुपसला, माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि म्हणाला, "अर्थिंग ओके आहे मॅडम. तुमच्या पेटीतच काहीतरी आहे." शंभर रुपये घेऊन गेला. बॅटरीवर काम करावं तर ती बिचारी वीस मिनिटांत मान टाकते. काही आठवडे मी खरोखर वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत काम केलं. चार्ज होईस्तोवर स्वयंपाकघरात जाऊन पोळपाटावर लाटण्याचे ठोके रेकॉर्ड करायचे, कुकरची शिट्टी रेकॉर्ड करायची. ती शिट्टी आठपट संथ केली की तीन सप्तकं खाली उतरते आणि धुक्यात बोट भोंगा देतेय असं वाटतं. ट्रॅकच्या चौथ्या मिनिटाला येतो तो भोंगा म्हणजे तूरडाळ आहे.

एका रात्री कंटाळून चार्जर लावूनच काम करायला बसले. घूं चालू. कीबोर्डवर पांढरी पाच (सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी) दाबली तर ती त्या आवाजाच्या अगदी शेजारी जाऊन बसली, पण मांडीला मांडी लागेना. थोडी खालीच. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, म्हणजे ५० हर्ट्झ. खर्जातली पांढरी पाच साधारण ४९ वर येते. म्हणजे वीज पांढरी पाचपेक्षा अर्ध्या सुराच्या एक तृतीयांशाइतकी चढी. मी सॉफ्टवेअरमध्ये सगळी पट्टीच वर सरकवली. जगभर ४४० ला मिळवतात तो सूर मी ४४९ वर नेला. आणि दाबली पांढरी पाच. घूं नाहीसा झाला. नाहीसा म्हणजे, त्रास देणं थांबलं. जी गुणगुण मी आठवडेच्या आठवडे हाकलत होते ती षड्ज होऊन बसली, आणि सगळं वाद्य तिच्या मांडीवर. मग तीच रेकॉर्ड करून ट्रॅकच्या तळाशी अंथरली.

त्या रात्री मला फार मोठा शोध लागल्यासारखं झालं होतं. पहाटे दोनला नवऱ्याला उठवून सांगितलं की आपल्या भिंतीत तानपुरा आहे. तो म्हणाला, "सकाळी बघू."

मग वाचत सुटले. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेतल्या राज्यांचं वीजजाळं उरलेल्या देशाशी एका लयीत आलं. तोवर ते आपल्याच तालात होतं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळं एकच ग्रिड. मागणी-पुरवठ्याप्रमाणे ते कणभर वरखाली होतं, नियमाने ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायचं असतं. एवढी सुरेल शिस्त माझ्या शाळेतल्या समूहगीताला कधी जमली नव्हती. सगळ्या देशातले ट्रान्सफॉर्मर, जुने फ्रिज, पाण्याचे पंप एकाच सा वर गुणगुणतायत आणि त्याची जोडणी सोलापूरला झाली, हे मला भयंकर आवडलं. (नव्या इन्व्हर्टर फ्रिजांचं गणित वेगळं. ते मध्येच पट्टी बदलतात.)

आता गंधाराची गोष्ट, कारण पुढे त्यावरच सगळं अडतं. वीज नुसती ५० ला गुणगुणत नाही. १००, १५०, २००, २५० अशी तिची नातवंडंही बरोबर असतात. त्यातलं २५० म्हणजे अचूक शुद्ध गंधार. तानपुरा छान लागला की खर्जाच्या तारेतून कोणी न वाजवता जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच. आणि माझ्या कीबोर्डचा गंधार होता २५२ ला, कारण कीबोर्डवर बारा सुरांची समान वाटणी असते आणि त्या वाटणीत गंधार थोडा चढाच मिळतो. २५० आणि २५२ एकत्र वाजले की सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि बसतो. वांव, वांव. दाढ दुखते तसं. खूप खटपट केली आणि शेवटी गंधार वाजवणंच सोडून दिलं. सा, रे, म, प, नी, एवढ्यावर ट्रॅक केला. वृंदावनी सारंगात नाही तरी गंधार-धैवत नसतातच, आणि सारंग दुपारचा. नाव तिथून आलं. म्हणजे अडचणीतून पळवाट आणि पळवाटेला राग, असा तो प्रकार.

तर हे सगळं डोक्यात ठेवून मी लोकांना ट्रॅक पाठवला. लोकांच्या डोक्यात अर्थातच यातलं काही नव्हतं.

आईने फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि कणीक मळत ऐकला. मिनिटभराने म्हणाली, "आपला फ्रिज आत्ता सुरू झाला का गं?" मी म्हटलं, नाही. "मग तुझ्या ह्याच्यात आहे तो." बास. पुढे काही नाही. मला टाळी द्यावीशी वाटली. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला ५० चा आवाज काढताच येत नाही, त्याच्या आवाक्यातलं नाही ते. पण वरची नातवंडं ऐकू आली की कान आजोबा स्वतःच मांडून घेतो. आईने न वाजलेला आवाज ओळखला होता, आणि नावासकट.

ऑफिसातल्या मैत्रिणीने गाडीत एका कानात इअरफोन घालून ऐकलं. दुसरा कान धक्के खाण्यासाठी मोकळा. "मी थांबले होते की आता सुरू होईल, आता सुरू होईल," ती म्हणाली, "तेवढ्यात दिवा आलं." डोंबिवली ते दिवा स्लो गाडीने साधारण तेवढाच वेळ लागतो आणि दिव्याला जी गर्दी आत घुसते तीत कुठलंच संगीत टिकत नाही. मी आधी हिरमुसले. मग जाऊन ट्रॅकची सुरुवात बघितली. पहिला ठोका एक मिनिट पन्नासला पडत होता. मला वाटत होतं मी वातावरण बांधतेय. तिला वाटत होतं प्लॅटफॉर्मवर उद्घोषणेची वाट बघतोय. पुढच्या आवृत्तीत ठोका पन्नास सेकंदांवर आणला. तिला सांगितलं नाही.

सहकाऱ्याचा मुलगा आहे, एकोणीस वर्षांचा, खोलीत बसून बीट्स करतो. त्याने अकरा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. ट्रॅकच्या जवळपास दुप्पट. पहिली तीन मिनिटं त्याच्या स्वतःच्या नव्या ट्रॅकबद्दल होती. पण नंतर जे बोलला ते नीट ऐकण्यासारखं होतं. "काकू, तुमची किक, तुमचा बेस आणि तो हम, तिघंही एकाच सीटवर बसलेत." हम म्हणजे माझा घूं. खरंच होतं ते. सगळंच ५० च्या आसपास. चांगल्या हेडफोनवर नुसता चिखल. त्याने साइडचेन करायला सांगितलं, म्हणजे किक आली की बेसने क्षणभर अंग चोरायचं आणि किक गेली की परत पसरायचं. लोकलच्या दारात ओरडतात ना, "आधी उतरू द्या!" तेच. मी ते केलं आणि तळ स्वच्छ झाला, एकेक ठोका दिसायला लागला.

त्याचा दुसरा सल्ला होता हम काढून टाकण्याचा. ५०, १००, १५०, २०० असे बारीक बारीक चिमटे लावायचे, तेवढीच कंप्रता उचलून फेकायची. "प्रोफेशनल वाटेल." केलं. रविवारी सकाळी चहा घेऊन बसले आणि एकेक चिमटा लावत गेले. पहिल्याने काही फरक नाही. दुसऱ्याला खोलीतून कोणी उठून गेल्यासारखं वाटलं. पाचव्यापर्यंत बेसचे सूर एकमेकांशी ओळख नसल्यासारखे उभे होते, पट्टी चढवलेली तर होतीच, पण कशासाठी चढवली ते सांगणारं कोणी नाही. सगळे चिमटे काढून टाकले. त्याला निरोप धाडला, "साइडचेनबद्दल थँक यू. हम राहू दे." त्याने लिहिलं, "लो-फाय, ओके." त्यांच्या पिढीकडे प्रत्येक हट्टाला नाव असतं.

एक मित्र आहे, तो अशा वेळी नेमाने चरणजित सिंग यांची गोष्ट सांगतो. यावेळीही सांगितली. मुंबईचे हे वादक हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रं, ठोक्यांचं ८०८, बेसचं ३०३ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर, एकमेकांना जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी निघाली. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती युरोपातून पुन्हा निघाली आणि लोक चक्रावले. पुढे शिकागोत ज्याला ॲसिड हाउस म्हणू लागले त्याच्याशी विलक्षण मिळतंजुळतं काहीतरी, काही वर्षं आधीच, मुंबईत वाजून गेलं होतं. मग म्हातारपणी परदेशांत कार्यक्रम. २०१५ मध्ये ते गेले.

मित्राला वाटतं याने मला धीर येतो. मला उलट धडकी भरते. अठ्ठावीस वर्षं! तिथे अख्खं आयुष्य यंत्रांवर काढलेला माणूस होता, त्याच्याकडे वेळेआधी आलेलं काहीतरी होतं. माझ्याकडे तूरडाळीचा भोंगा आहे. पण एक गोष्ट त्यांच्यात मला नेहमी आपली वाटते. यंत्र समोर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर राग वाजवले. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, त्यांना त्यात मींड दिसली असणार. ती तबकडी ऐकताना पंडित मंडळी नाक मुरडतील असं मला वाटतं, आणि ते मला आवडतं.

पंडित मंडळींवरून आठवलं. हिय्या करून आमच्या गाण्याच्या बाईंकडे गेले. बाई आता अठ्ठ्याहत्तरच्या. हेडफोन त्यांना नको होते ("कानाला कुलूप कशाला?") म्हणून एक लहान स्पीकर घेऊन गेले होते. त्यांनी पूर्ण ऐकला. सहा मिनिटं वीस सेकंद. आजवर पूर्ण ऐकणाऱ्या त्या पहिल्या असाव्यात. डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं मांडीवर, चेहऱ्यावर काही नाही. संपल्यावर काही न बोलता पेटी पुढे ओढली, पांढरी पाच धरली. मान हलवली. काळी चार धरली. तोंड वाकडं केलं.

"ही कुठली पट्टी?"

"विजेची," मी म्हटलं. सांगितलं सगळं. त्या हसल्या नाहीत.

"ताल बालवाडीतला आहे."

"हो बाई."

"गंधार घेतला नाहीस."

"नाही."

"मग मला ऐकू का येतोय?"

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. २५० चा तो स्वयंभू गंधार, मी न वाजवलेला, कीबोर्डशी भांडतो म्हणून मी सोडून दिलेला, तो गुणगुणीत होताच. आणि एवढ्याशा स्पीकरवर, खिडकीतून रिक्षांचे आवाज येत असताना, त्यांनी तो उचलला. मी स्पष्टीकरण देऊ लागले तर त्यांनी हात वर केला. "असू दे. तो आहे तर बरा आहे. तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस." मग चहा झाला. निघताना म्हणाल्या, "याच्यापेक्षा रियाज केला असतास तर." वाक्य पूर्ण केलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीही करत नसत.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रतिध्वनीचं एक यंत्र आहे, त्यावर 'फीडबॅक' नावाचं एक बटण. आलेला आवाज किती प्रमाणात परत आत सोडायचा, ते त्यावर ठरतं. चाळीस टक्क्यांवर ठेवलं की आवाज चार-पाचदा घुमून विरतो. शंभराच्या पुढे नेलं की मरतच नाही, वाढत वाढत लग्नाच्या हॉलमधल्या माइकसारखा किंचाळायला लागतो. माझ्या ट्रॅकचं बटण नातेवाइकांनी दहावर ठेवलं असावं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी शेजारच्या शहरातल्या पुराचा जुना व्हिडिओ टाकला आणि 'दुपार' वर सरकून दिसेनाशी झाली.

चौथ्या दिवशी न्यू जर्सीहून मावसबहिणीचा मेसेज आला. "किती उदास केलंस गं. रडले मी."

आता हे मला समजेना. इथे ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांच्यापैकी कोणालाही ते उदास वाटलं नव्हतं. शांत वाटलं, लांबलेलं वाटलं, फ्रिज वाटला. मी स्वतः तर ते जवळपास आनंदात केलं होतं. मी विचारलं, कुठे ऐकलंस? तिने दुसऱ्या दिवशी एक व्हिडिओच पाठवला: भाड्याच्या घरातलं तिचं स्वयंपाकघर, सिंकमध्ये भांडी, खिडकीबाहेर निळसर बर्फ, ओट्यावर स्पीकर आणि त्यावर 'दुपार'. मागे कपाटाएवढा जुना फ्रिज. बर्फात माझी दुपार फारच विचित्र वाटत होती. आणि आणखी काहीतरी खटकत होतं. सुरात.

व्हिडिओचा आवाज मी ॲनलायझरमध्ये टाकला. आवाजाचा आलेख उभ्या रेघांत दिसतो त्यात. २००, २५० अशा माझ्या ओळखीच्या रेघा होत्या. पण मध्येच २४० ला एक उंच रेघ. १२० ला एक. ३६० ला एक बारीक. मी बराच वेळ बघत बसले. आणि मग उजेड पडला. अमेरिकेत वीज ५० ला नाही, ६० ला असते! तिचा फ्रिज साठाच्या घराण्यातला. साठ भागिले पन्नास, म्हणजे सहास पाच. सहास पाच म्हणजे कोमल गंधार. अगदी अचूक, कीबोर्डला कधी मिळणार नाही इतका अचूक कोमल गंधार.

मी जो सूर रिकामा सोडला होता तिथे तिच्या फ्रिजने कोमल गंधार भरला होता. इथे भिंतीतून शुद्ध, तिथे फ्रिजमधून कोमल, दोन्ही शेजारी शेजारी. जोग रागात असतात तसे दोन गंधार. आणि जोग ऐकून कोणाला भरून आलं तर त्यात नवल काय? (जपानात तर म्हणे ही मजा एकाच देशात आहे. शंभरावर वर्षांपूर्वी तोक्योने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, म्हणून आजही पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. अख्ख्या देशाच्या पोटात कोमल गंधार.) मी घरच्या स्पीकरवर ट्रॅक लावला, त्यावर १२० चा एक सूर हळू आवाजात सोडला, आणि काय सांगू, दुपारची संध्याकाळ झाली. नवऱ्याला बोलावून ऐकवलं. तो म्हणाला, "हो, जरा जड वाटतंय." माझ्यासाठी तेवढा पुरावा पुष्कळ होता.

लगेच फोन लावला. इथे सकाळचे आठ, तिथे रात्रीचे साडेनऊ. मी तिला सगळं समजावलं: सोलापूर, साठ, सहास पाच. ती "हं, हं" करत भांडी पुसत होती.

"तर आता फ्रिज बंद कर आणि परत ऐक."

"फ्रिज बंद करू?"

"दहा मिनिटं गं. प्लग काढ."

तिने फ्रिज ओढला. फरशीवर घासल्याचा मोठा आवाज झाला, पलीकडून भावोजींनी काहीतरी विचारलं, तिने "ताईचं काहीतरी आहे" म्हणून सांगितलं. प्लग निघाला. तिचं स्वयंपाकघर असं गप्प झालं की मला फोनवरून कळलं. मग तिने ट्रॅक लावला. मी कानाला फोन धरून इथे गॅलरीत उभी. खाली भाजीवाला ओरडत होता, तो तिला ऐकू जाऊ नये म्हणून फोनवर हात धरलेला. सहा मिनिटं ती काही बोलली नाही. संपलं.

"काय?" मी विचारलं.

"तसंच आहे."

"तसंच म्हणजे?"

"उदास." मग थोडं थांबून, "आता तर जास्तच. आता तो आवाज नीट ऐकू येतो ना, घूं करून. आजोळी दुपारी सगळे झोपले की यायचा बघ, माजघरातून. मावशीच्या फ्रिजचा."

मला काही सुचेना. माझं सहास पाच तिथेच गॅलरीत राहिलं. "बरं," म्हटलं, "झोप आता." तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून एक फोटो आला, त्याखाली काही लिहिलेलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर पाण्याचं थारोळं, त्यात भिजलेली पायपुसणी आणि ओट्यावर ओळीने मांडलेली खवलेल्या नारळाची चार पाकिटं, मऊ पडलेली. मागाहून मेसेज: "प्लग लावायला विसरले. दूध गेलं. नारळाच्या वड्या करतेय. एवढ्यात दुसरं काही पाठवू नकोस."